ॲसर्टईक्वल्स असताना हॅमक्रेस्टसारखी मॅचर लायब्ररी खरंच लागते का?

तुम्ही विचारलंय की जेयुनिटमध्ये, म्हणजे जावा कोडच्या टेस्ट चालवणाऱ्या लायब्ररीत, ॲसर्टट्रू (अट खरी आहे का) आणि ॲसर्टईक्वल्स (दोन किमती सारख्या आहेत का) असताना टीममधली दोघं-तिघं हॅमक्रेस्ट आणूया म्हणून मागे लागलीत, त्याचा खरंच उपयोग होतो की नुसता टेस्टचा कोड वाक्यासारखा वाचता यावा म्हणून हौस चाललीय, आणि घ्यायचीच झाली तर हॅमक्रेस्ट घ्यावी की तशाच कामाची दुसरी लायब्ररी ॲसर्टजे. उपयोग होतो, भरपूर होतो. फक्त लोक जे कारण सांगतात त्या कारणासाठी नाही.

पुण्याच्या एका कंपनीत असताना आमच्या लीडनी माझे मॅचर, म्हणजे काय असायला पाहिजे ते तपासून चुकलं तर शब्दांत सांगणारे कोडचे तुकडे, रिव्ह्यूमध्ये अडवले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "टेस्ट काय क्लायंट वाचणारे का? ॲसर्टईक्वल्स लाव आणि पुढं चल." मी लिहिलेले मॅचर काढायला लावले, त्या जागी ॲसर्टट्रूच्या ओळी आल्या, आणि त्यानंतर बिल्ड लाल झाला, म्हणजे टेस्ट नापास झाली, की माणसं डीबगर लावून बसायची कारण निरोप एवढाच यायचा की ट्रू पाहिजे होतं, फॉल्स आलं. कशाचं फॉल्स, कुठल्या बिलाचं, काहीच नाही. लीडचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही म्हणून एवढं लिहितोय.

आता मी सांगलीत असतो, विश्रामबागला घर आहे, आणि मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. हळद आणि बेदाणा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं वगैरे सगळं पेपरात येतं, पण शेतकऱ्याच्या हातात शेवटी येते ती पट्टी. पोती किती, वजन किती, दर काय लागला, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल वजा जाऊन निव्वळ रक्कम किती. एका लॉटमध्ये हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी, प्रत्येकाचा दर वेगळा. ह्या पट्टीत वीस रुपये इकडचे तिकडे झाले तरी माणूस दुकानात येऊन उभा राहतो, आणि त्याचं बरोबरच आहे, वर्षभराचं पीक आहे त्याचं.

तर ह्या पट्टीसाठी मी मॅचर लिहिले. फार काही मोठं काम नाही, हॅमक्रेस्टचा टाइपसेफमॅचर हा तयार क्लास घ्यायचा, त्यात मॅचेससेफली (तपासणी), डिस्क्राइबटू (अपेक्षेचं वर्णन) आणि डिस्क्राइबमिसमॅचसेफली (काय चुकलं त्याचं वर्णन) भरायचे. एकाच गुणधर्माकडं बघायचं असेल तर फीचरमॅचर त्याहून सोपा, फीचरव्हॅल्यूऑफ एवढी एकच मेथड लिहावी लागते. मी एक गोष्ट ठरवून केली, वर्णन मराठीत लिहिलं आणि दुकानात जे शब्द चालतात त्याच शब्दांत लिहिलं. नापास झाल्यावर छापून येणारे 'एक्स्पेक्टेड' (पाहिजे होतं ते) आणि 'बट' (पण आलं ते) हे दोन शब्द लायब्ररीचे, बाकी मजकूर आपला.

हळदीच्या हंगामात एका दुकानाचे दिवाणजी आमच्या ऑफिसात आले होते, उचलीच्या नोंदी तपासायला. वयस्कर माणूस, सगळं आयुष्य यार्डात गेलेलं, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. ते माझ्या शेजारच्या पोराजवळ बसले होते, तो नवीनच लागलेला, हुशार आहे. त्यानी त्या दिवशी पोत्यांचा हिशोब नीटनेटका करायला म्हणून कोड बदलला होता, म्हणजे पोती वेगळी मोजायची कशाला, एकूण वजनाला एका पोत्याच्या वजनानं भागलं की पोती निघतात की. टेस्ट चालवल्या आणि स्क्रीनवर लाल ओळ आली, एक्स्पेक्टेडपुढं 'पट्टी, जिच्यात हमाली १२ पोत्यांची', आणि बटपुढं 'हमाली ११.४ पोत्यांची'.

पोरगं कोडकडं बघत बसलं. काकांनी चष्मा वर केला, ती ओळ वाचली आणि म्हणाले, "आरं बाळा, साडेअकरा पोत्याची हमाली कुठं असती व्हय? शेवटचं पोतं अर्धं भरलेलं असलं तरी हमाल ते पाठीवर घेतोच की. त्याची हमाली पुऱ्या पोत्याची." झालं. पोरानी बदल मागं घेतला आणि काका परत उचलीच्या नोंदींकडं वळले.

आता हीच टेस्ट ॲसर्टट्रूनी लिहिली असती तर काकांना काय दिसलं असतं, ट्रू आणि फॉल्स. ॲसर्टईक्वल्सनी लिहिली असती तर वीस रुपये पोत्याच्या दरानं २४० पाहिजे होते, २२८ आले, एवढं दिसलं असतं. आकडा बरोबर, पण बारा रुपये कशाचे गेले ते त्यातून कळत नाही, आणि खरं सांगतो, पोरानी राउंडिंगमध्ये काहीतरी गडबड आहे म्हणून दुसरीकडंच शोधलं असतं. क्लायंट टेस्ट वाचत नाही, ते त्याच्यासमोर कुणी कधी वाचण्यासारखी टेस्ट ठेवलीच नाही म्हणून. आमच्याकडं क्लायंटनी वाचली, आणि चूक कुठल्या गोष्टीत आहे हे आमच्यातल्या कुणाच्याही आधी सांगितलं.

म्हणून मॅचरची परीक्षा टेस्ट पास होताना करू नका, नापास झाल्यावर काय छापलं जातं ते बघा. 'ॲसर्टदॅट अमुक इज तमुक' वाचायला छान वाटतं हे ठीक, पण तेवढ्यासाठी कुणी लायब्ररी आणत असेल तर तुमच्या टीमला सांगा की नको. हॅमक्रेस्टमधला 'इज' दुसऱ्या मॅचरभोवती लावला तर नुसता दिसण्यापुरताच आहे, तो काढला तरी काम तेच होतं. आणि स्वतःचा मॅचर लिहून डिस्क्राइबमिसमॅच भरलाच नाही तर बटपुढं वॉज आणि ऑब्जेक्टचं नाव-पत्ता असलं काहीतरी छापून येतं, मग सगळा खटाटोप वाया.

मॅचर म्हणजे एक स्वतंत्र ऑब्जेक्ट असतो ही गोष्ट फार जण लक्षातच घेत नाहीत. तो दुसऱ्या मॅचरच्या पोटात घालता येतो. हमालीचा मॅचर मी एका पट्टीला लावतो, तोच हॅजआयटमच्या (यादीत असं एक तरी आहे का) आत घालून दिवसभराच्या पट्ट्यांना लावतो, ऑलऑफमध्ये (सगळे मॅचर लागू पाहिजेत) तोलाईच्या मॅचरला जोडून लावतो. रेस्ट ॲशुअर्डमध्ये एपीआयचं उत्तर तपासताना, स्प्रिंगच्या मॉकएमव्हीसीमध्ये जेसनपाथवर, टेस्टसाठी खोटे ऑब्जेक्ट बनवणाऱ्या मॉकिटोमध्येसुद्धा हॅमक्रेस्टचे मॅचर चालतात. ॲसर्टईक्वल्सला हे जमत नाही. शिवाय त्यात एक्स्पेक्टेड आधी का ॲक्च्युअल आधी हा घोळ कायमचा, जेयुनिटमध्ये अपेक्षित आधी आणि टेस्टएनजी ह्या दुसऱ्या टेस्ट लायब्ररीत बरोबर उलटं, आणि उलटसुलट झालं की निरोप धडधडीत खोटं बोलतो. ॲसर्टदॅटमध्ये हातात आलेली गोष्ट आधी आणि अपेक्षा नंतर, आणि मॅचर ही वेगळ्याच प्रकारची वस्तू असल्यानं बहुतेक वेळा अदलाबदल कंपाइलच होत नाही.

पैशाचा हिशोब असेल तर हे घ्याच. बिगडेसिमलमध्ये, म्हणजे जावातल्या अचूक दशांश संख्येच्या प्रकारात, १०.० आणि १०.०० इक्वल्सनी सारखे नसतात, स्केल (दशांश चिन्हापुढचे आकडे) वेगळी म्हणून. ॲसर्टईक्वल्स तिथं उगीच लाल होतं आणि मग लोक डबलमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे ठेवणाऱ्या प्रकारात, बदलून मोकळे होतात, पैशाला डबल! कंपेअर्सइक्वलटू वापरा, तो कंपेअरटूनी बघतो, दोन्ही सारखे धरतो.

हॅमक्रेस्ट की ॲसर्टजे हा तुमचा दुसरा प्रश्न. नवीन प्रोजेक्ट असेल आणि टीममध्ये नवीन पोरं जास्त असतील तर ॲसर्टजे घ्या, डॉट दाबला की आयडीई (कोड लिहायचा एडिटर) सगळं पुढं मांडून देतो, काय पाठ करायला नको. माझी स्वतःची पसंती हॅमक्रेस्टच, ते एकात एक घालण्यामुळं. जेयुनिटवाल्यांनी २००७ मध्ये ४.४ व्हर्जनमध्ये ॲसर्टदॅट आत घेतलं होतं, जेयुनिट ५ मध्ये काढून टाकलं आणि ज्याला पाहिजे त्यानी हॅमक्रेस्ट, ॲसर्टजे, ट्रुथ यातलं काय ते आणावं असं ठेवलं, त्यामुळं निवड आता तुमच्यावरच आहे. दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये मिसळू नका एवढंच, दोघांच्या ॲसर्टदॅटचे इम्पोर्ट एकमेकांत अडकतात आणि वाचणाऱ्याचं डोकं उठतं.

वेळ जातो हे लीडचं म्हणणं पण ऐकलं असेल तुम्ही. एक मॅचर म्हणजे वीस-पंचवीस ओळी. प्रत्येक गोष्टीला लिहायचाच नाही, ज्या गोष्टीला धंद्यात स्वतःचं नाव आहे तिलाच लिहायचा. आमच्याकडं पट्टी, लॉट, उचल ह्यांना आहेत. दोन आकड्यांची बेरीज तपासायला ॲसर्टईक्वल्सच बरा, तिथं मॅचर आणणाऱ्याला मी पण अडवेन. पण जिथं नियम दुकानाचा आहे, कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यातून आलेला नाही, तिथं "पुढं चल" म्हणणारा माणूस चुकतोय. हे मी त्या रिव्ह्यूमध्ये बोलू शकलो नव्हतो, इथं बोलतो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. हॅमक्रेस्टचा कन्टेन्स लिस्टवर लावला तर 'हे त्यात आहे का' असं तो बघत नाही, हेच आणि एवढेच आणि ह्याच क्रमानं आहेत का असं बघतो. क्रम नको असेल तर कन्टेन्सइनएनीऑर्डर, नुसतं असणं बघायचं तर हॅजआयटम. एव्हरीआयटम रिकाम्या लिस्टवर पास होतो, म्हणजे पट्टी एकही तयार झाली नाही तरी 'सगळ्या पट्ट्या बरोबर', त्यामुळं सोबत लिस्ट रिकामी नाही हे पण तपासा. हॅजप्रॉपर्टी शक्यतो वापरूच नका, त्यात गुणधर्माचं नाव स्ट्रिंगमध्ये असतं, उद्या कुणी नाव बदललं तर कंपायलर गप्प बसतो. ॲसर्टजेमध्ये नुसतं ॲसर्टदॅट लिहून पुढं काहीच नाही लावलं तर टेस्ट हिरवी होते, काही न तपासता, आणि ॲज लावून वर्णन द्यायचं असेल तर ते तपासणीच्या आधी लिहा, नंतर लिहिलेलं कुणी विचारात घेत नाही.

मराठीत वर्णन लिहिणार असाल तर सोर्स फाइल आणि बिल्ड सर्व्हरचं कन्सोल दोन्ही यूटीएफ-८ वर आहेत ना बघा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं दिसतील. आणि जुना जेयुनिट ४ चा प्रोजेक्ट असेल तर त्याच्यासोबत हॅमक्रेस्ट कोअर १.३ आपोआप येतो, तुम्ही वरून २.२ किंवा ३.० टाकला की दोन्ही एकाच वेळी क्लासपाथवर (जावा जिथं लायब्ऱ्या शोधतं तिथं) राहू शकतात आणि मेथड सापडत नाही असले एरर येतात. २.१ पासून सगळं एकाच जार फाइलमध्ये आहे, जुना कोअर आणि जुनी हॅमक्रेस्ट लायब्ररी दोन्ही वगळा आणि मगच टीमला मॅचर लिहायला सांगा.