स्टायलस पडल्यावर बिघाड शोधायचा कुठे : पेनमध्ये की फोनमध्ये?

प्रश्न : माझ्या फोनच्या खाचेत बसणारा स्टायलस टेबलावरून टोकाच्या बाजूने खाली पडला आणि मी तो उचलण्याआधीच खुर्चीचे चाक त्याच्या टोकाकडच्या भागावरून गेले. बाहेरून एक ओरखडा सोडला तर काही दिसत नाही. पेन स्क्रीनजवळ नेल्यावर नेहमीप्रमाणे लहानसा ठिपका दिसतो, परंतु टोक टेकण्यापूर्वीच रेघ उमटू लागते आणि सगळी अक्षरे एकमेकांना चिकटतात. पेनवरचे बटण दाबून दुरून छायाचित्र मात्र काढता येते. बोटाने फोन व्यवस्थित चालतो. मी नवा पेन घ्यावा, की फोन दुरुस्तीला द्यावा?

उत्तर : आपण लक्षणे इतकी नेमकी टिपली आहेत की निदानाचे निम्मे काम त्यातच झाले आहे. बिघाड बहुधा पेनमध्ये आहे, आणि पेनमध्येही तो टोकावरचा दाब मोजणाऱ्या भागात असावा. तरीही फोन निर्दोष असल्याची खात्री करून घेतल्याशिवाय कशावरही खर्च करू नये, कारण अशा अपघातानंतर घाईने नवा पेन घेतला आणि तोही तसाच चालला, असे अनेकांच्या बाबतीत घडते.

असा निष्कर्ष का काढला, हे समजण्यासाठी या पेनचे काम कसे चालते ते पाहावे लागेल. खाचेत बसणाऱ्या बहुतेक स्टायलसमध्ये, उदाहरणार्थ २०११ मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी नोटपासून पुढच्या फोनमध्ये, वॅकॉम या जपानी कंपनीचे विद्युतचुंबकीय अनुनादाचे तंत्र वापरले जाते. त्यात बोटाचा स्पर्श ओळखणारा थर आणि पेन ओळखणारा थर हे पूर्णपणे वेगळे असतात. पेनसाठीचा थर, म्हणजे डिजिटायझर, डिस्प्लेच्या मागे असतो आणि त्यावर तारांच्या बारीक वेटोळ्यांची जाळी असते. ही जाळी क्षणाक्षणाला चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. पेनच्या टोकाजवळ एक कॉईल, म्हणजे तारेचे वेटोळे, आणि एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, असतो. झोक्याला योग्य वेळी हलका धक्का मिळाला की तो जसा आपोआप मोठे हेलकावे घेतो, तसा हा जोड आपल्या ठरलेल्या वारंवारितेला प्रतिसाद देतो आणि तो प्रतिसाद जाळीला परत मिळतो. तो कुठे सर्वांत प्रबळ आहे, यावरून फोन पेनची जागा ठरवतो. म्हणूनच नुसते लिहिण्यासाठी या पेनला बॅटरी लागत नाही.

टोकावर दाब दिला की आतील रचना किंचित सरकते, प्रतिसादाच्या वारंवारितेत सूक्ष्म बदल होतो आणि फोन त्यालाच दाब समजतो. २०१७ च्या गॅलेक्सी नोट ८ मध्ये दाबाच्या अशा ४०९६ पातळ्या ओळखल्या जात होत्या. एवढ्या सूक्ष्म बदलावर चालणारा भाग चाकाखाली आला, तर बाहेरचे आवरण शाबूत राहूनही आतले मोजमाप बिघडू शकते.

आता आपली लक्षणे या माहितीशी जुळवून पाहू. ठिपका दिसतो, याचा अर्थ कॉईल तुटलेली नाही आणि डिजिटायझरला पेन सापडतो आहे. बटणाने छायाचित्र निघते, म्हणजे ब्लूटूथचा भाग ठीक आहे. मात्र त्यावरून लिहिण्याच्या भागाविषयी काहीही सिद्ध होत नाही, कारण या दोन यंत्रणा एकाच नळीत असूनही स्वतंत्रपणे चालतात. न टेकताच रेघ उमटते, याचा अर्थ पेन सतत दाबलेलाच आहे असे फोनला वाटते. याची दोनच कारणे संभवतात : एकतर निब, म्हणजे पेनचे बदलता येणारे टोक, वाकून किंवा कचरा अडकून आत दबलेली राहिली आहे, नाहीतर निबमागचा फेराइटचा (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाचा) गाभा किंवा दाबाचा भाग तडकला अथवा सरकला आहे.

या दोन कारणांतला फरक घरीच ओळखता येतो. निब बदलण्यासाठी मिळणाऱ्या छोट्या चिमट्याने निब पकडावी आणि न पिळता सरळ रेषेत बाहेर ओढावी. त्यानंतर निब नसलेला पेन स्क्रीनपासून थोड्या अंतरावर धरून हलवावा. तो काचेला टेकवू नये, कारण उघड्या तोंडाने काचेवर ओरखडे उठू शकतात. निब काढल्यावर नुसता ठिपका दिसला आणि रेघ थांबली, तर दोष निबचा किंवा तिच्या छिद्रात अडकलेल्या कणांचा आहे. अशा वेळी पेनचे तोंड खाली करून हलकेच टकटक करावे, त्याच मॉडेलसाठीची नवी निब सरळ बसवावी आणि पुन्हा लिहून पाहावे. निब नसतानाही रेघ उमटत राहिली, तर आतील भाग निकामी झाला आहे आणि पेन बदलणे हाच उपाय उरतो. तो उघडून दुरुस्त करण्याचा सल्ला मी देणार नाही. कॉईलची तार केसासारखी असते, आणि पुन्हा जोडलेला पेन ठरलेल्या वारंवारितेवर येईल याची शाश्वती नसते. छिद्रात तेल सोडणे किंवा सुई घालणे, हे तर कटाक्षाने टाळावे.

यानंतर फोनची परीक्षा घ्यावी. त्याआधी कव्हर काढून ठेवावे, विशेषतः त्यात चुंबकाची झडप किंवा मागे चुंबकीय कडे असेल तर. चुंबकामुळे पेनचे क्षेत्र विस्कळीत होते, काही जागी पेन मुळीच उमटत नाही किंवा रेघ बाजूला सरकते, आणि हा दोष सहज अपघाताच्या माथी मारला जातो. मग चित्र काढण्याचे कोणतेही ॲप उघडून संपूर्ण स्क्रीनभर आधी आडव्या, मग उभ्या आणि शेवटी तिरक्या रेघा सावकाश ओढाव्यात. रेघ दर वेळी ठरावीक पट्ट्यातच तुटत असेल, तर दोष डिजिटायझरचा, म्हणजे फोनचा आहे. दोष पेनबरोबर सगळीकडे सारखाच फिरत असेल, तर तो पेनचा आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये सॅमसंग मेंबर्स या ॲपमधल्या निदानाच्या विभागात पेनची चाचणीही असते. ओळखीच्या कोणाकडे त्याच मॉडेलचा फोन असल्यास पेनांची अदलाबदल करून पाहणे ही सर्वांत निर्णायक चाचणी होय. घडीच्या फोनच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी : गॅलेक्सी फोल्डच्या पेनची वारंवारिता वेगळी असते आणि साध्या पेनचे कडक टोक तिथल्या मऊ आतल्या पडद्याला इजा करू शकते, म्हणून तिथे साधा पेन वापरून पाहू नये.

सेटिंग्जमधून पेन रीसेट करण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. त्याने ब्लूटूथची जोडणी नव्याने होते, दाबाचा दोष जात नाही. याच्या उलट लक्षण असेल, म्हणजे पेन उत्तम लिहितो पण बटणाने दुरून काही होत नाही, तर सर्वप्रथम रीसेटच करावे आणि पेन काही वेळ खाचेत राहू द्यावा. ब्लूटूथ असलेला पहिला असा पेन २०१८ च्या गॅलेक्सी नोट ९ बरोबर आला. त्यातला सुपरकपॅसिटर, म्हणजे बॅटरीऐवजी वीज साठवणारा भाग, सुमारे ४० सेकंदांत भरत असे, परंतु खाचेबाहेर राहिला की लवकर रिकामाही होत असे. २०२५ च्या गॅलेक्सी एस २५ अल्ट्राच्या पेनमधून तर ब्लूटूथच काढून टाकले आहे, त्यामुळे त्या फोनवर दुरून छायाचित्र निघत नाही म्हणून पेन बिघडला असे समजू नये.

शेवटी एक तातडीची सूचना. चाकाखाली आलेला पेन किंचितही वाकला, फुगला किंवा त्याच्या जोडावर फट पडली असेल, तर तो फोनच्या खाचेत घालू नका. सपाट पृष्ठभागावर लोटून पाहिला आणि डोळ्याच्या रेषेत धरून पाहिला की बाक लगेच कळतो. तसा पेन आत अडकला, तर आज केवळ पेनचे असलेले नुकसान उद्या फोनचे होईल.

प्रश्न : माझ्या मुलीने स्टायलस उलटा करून फोनच्या खाचेत घातला आणि तो अडकला आहे. जोराने ओढावा का?

उत्तर : अजिबात ओढू नये. २०१५ च्या गॅलेक्सी नोट ५ मध्ये पेन उलटाही सहज आत जात असे, आणि पेन खाचेत आहे की नाही हे ओळखणाऱ्या छोट्या तरफेत तो अडकत असे. जोराने ओढल्यावर ती तरफ मोडे. मग पेन लिहीत राहिला तरी तो बाहेर काढल्याचे फोनला कळत नसे. आपल्या फोनची रचना निराळी असू शकते, परंतु धोका तसाच आहे. फोन बंद करून खाच खाली येईल असा धरावा आणि तळहातावर हलकेच आपटावा. तेवढ्याने पेन सुटला नाही, तर पातळ पण ताठ कागदाची पट्टी पेनच्या कडेने हळूहळू आत सरकवावी, म्हणजे अडकलेला भाग पेनपासून दूर होऊ शकतो. पट्टीला विरोध जाणवला की तिथेच थांबून फोन सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावा. काडीला गोंद लावून पेन बाहेर काढण्याचा प्रयोग करू नये. गोंद खाचेत ओघळला, तर सुटू शकणारा पेनही कायमचा चिकटतो.

प्रश्न : पडून फुटलेली स्क्रीन मी बाहेर बदलून घेतली. आता बोटाने सर्व चालते, परंतु पेन कुठेही उमटत नाही. पेनही खराब झाला असेल का?

उत्तर : शक्यता आहे, पण कमी. पेन पडला नसेल आणि स्क्रीन बदलण्याआधी तो चालत असेल, तर नव्या जोडणीत डिजिटायझरचा थर आलेलाच नसावा किंवा त्याची पातळ केबल नीट बसलेली नसावी. वेगळ्या उत्पादकांच्या काही पर्यायी स्क्रीनमध्ये हा थर नसतो आणि बोटाने सगळे चालत असल्यामुळे दुकानातल्या तपासणीत ते लक्षात येत नाही. आपला पेन त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनवर लिहून पाहावा. तिथे तो चालला, तर ज्यांनी स्क्रीन बसवली त्यांच्याकडे फोन परत न्यावा, डिजिटायझर बसवला आहे का असे स्पष्ट विचारावे, आणि फोन ताब्यात घेण्यापूर्वी पेनने चारही कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढून पाहाव्यात.