मेडिकल कॉलेजच्या जुन्या बॅचची खबरबात छापण्यासाठी गोळा करताना

सगळ्यांना मिळून एकच आवाहन पाठवू नका. 'दुसरा कोणीतरी लिहील' म्हणून प्रत्येक जण गप्प बसतो. बॅचचे १५-१५ जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एक ओळखीचा माणूस द्या आणि प्रत्येकाला नावानिशी विचारा. 'काय चाललंय?' या प्रश्नाला 'मजेत' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: सध्या कुठे, कोणत्या पदावर, कधीपासून आणि कामाबाहेर नवीन काय? मुदत ३ आठवड्यांची पुरे. जास्त दिली तर लोक विसरतात.

विषयतज्ज्ञता लिहिताना हमखास घोळ होतो. कार्डिओलॉजिस्ट (हृदयरोगतज्ज्ञ) आणि कार्डियाक सर्जन (हृदयाची शस्त्रक्रिया करणारा) एक नव्हेत. फेलोशिप (एखाद्या विषयातलं पुढचं खास प्रशिक्षण) चालू आहे की संपली, तेही विचारून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर, त्यांची हरकत नसल्यास, कॉलेजातलं नावही द्या, नाहीतर जुन्या मित्रांना ओळख पटत नाही.

खरी काळजी खाजगी गोष्टींची. आजारपण, घटस्फोट हे ज्याचं त्याने लेखी होकार दिल्याशिवाय छापायचं नाही. निधनाची बातमी घरच्यांकडून पक्की करा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड हा पुरावा नव्हे. डॉक्टर मंडळी उत्साहात रुग्णाचा किस्साही लिहून पाठवतात. नाव नसलं तरी दुर्मिळ आजार, गाव आणि वर्ष एकत्र आलं की माणूस ओळखता येतो, म्हणून तो मजकूर सरळ कापा. संपादित मजकूर ज्याचा त्याला दाखवूनच पुढे पाठवा आणि प्रत्येक नोंदीखाली महिना-वर्ष टाका.