गाणाऱ्या काउबॉयचे सिनेमे पहिल्यांदाच बघताय?

कथेसाठी बसू नका, हिरमोड होईल. रँचवाल्यांची जमीन लाटू पाहणारा दारूच्या गुत्त्याचा मालक, त्याच्या पदरचा लबाड जुगारी आणि गिटार घेऊन आलेला नायक. खलनायक कोण, हे पाचव्या मिनिटाला कळतं. मजा गाण्यांत आहे.

जीन ऑट्रीपासून सुरू करा. १९३४ च्या 'इन ओल्ड सांता फे'मध्ये तो जेमतेम दिसतो, नायक केन मेनार्ड आहे. पुढच्याच वर्षी रिपब्लिक कंपनीने त्याला नायक केलं. घोड्यांच्या टापांमध्ये मध्येच मोटार किंवा रेडिओ आला तर दचकू नका, त्याच्या बऱ्याच कथा त्याच्याच काळात घडतात. (मला तर हा घोळच आवडतो.) मग रॉय रॉजर्स. 'सन्स ऑफ द पायोनियर्स' हा गायकसंच उभारणाऱ्यांपैकी तो एक, त्यामुळे कोरस कान देऊन ऐका.

प्रत निवडताना मात्र लांबी बघा. टीव्हीच्या तासाभराच्या वेळेत बसवायला यातले बरेच सिनेमे ५४ मिनिटांच्या आसपास छाटले गेले आणि कात्री अनेकदा गाण्यांवरच चालली. जास्त लांबीची प्रत मिळाली तर तीच घ्या, चित्र थोडं खराब असलं तरी.