आजीच्या गिनीवरची अक्षरं

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात इंग्लंडचे राजे आणि तिथलं धर्माचं भांडण यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं. साताऱ्यात बसून मला अशी पत्रं किती येणार, असं वाटत होतं, पण टपाल भरभरून आलं. सांगलीच्या एका ताईंचं पत्र पहिलं घेते, कारण बाकीच्या उत्तरांची किल्ली त्यातच सापडली.

बाई, सादर नमस्कार. माझ्या आजीची एक सोन्याची गिनी माझ्याकडे आहे. सराफ कट्ट्यावर कस बघायला नेली, तेव्हा सराफांनी भिंगातून अक्षरं वाचून दाखवली. राजाच्या डोक्याभोवती ‘डी.जी.’, ‘एफ.डी.’, ‘इंड. इम्प.’ असं काहीबाही आहे. साल १९१८. माझा मुलगा विचारतो, एफ.डी. म्हणजे बँकेतली ठेव का? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

ताई, मुलाला सांगा, प्रश्न एकदम योग्य जागी विचारलास. ही लॅटिन अक्षरं आहेत. राजा पाचवा जॉर्ज. ‘डी.जी.’ म्हणजे देई ग्रातिया, देवाच्या कृपेने. ‘इंड. इम्प.’ म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. आणि ‘एफ.डी.’ म्हणजे फिदेई डेफेन्सोर, धर्माचा रक्षक. या दोन अक्षरांत इंग्लंडचा चारशे वर्षांचा तंटा भरलेला आहे.

१५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने रोमच्या पोपविरुद्ध आवाज उठवला. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर आठवा हेन्री होता. त्याने ल्यूथरचं खंडन करणारा लॅटिन ग्रंथ स्वतःच्या नावाने काढला आणि पोपला पाठवला. पोप दहावा लिओ प्रसन्न झाला, आणि १५२१ साली त्याने हेन्रीला ‘धर्मरक्षक’ हे बिरुद बहाल केलं. तेरा वर्षं गेली, १५३४ साली याच हेन्रीने पोपला झुगारलं आणि कायदा करून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवलं. रोमने बिरुद काढून घेतलं. हेन्रीने ते सोडलं नाही. पुढे १५४४ मध्ये पार्लमेंटकडून कायद्याने पुन्हा मिळवलं. बिरुद तेच राहिलं, देणारा बदलला. आजीच्या गिनीवरचं बिरुद मुळात पोपचं, पण ज्या हक्काने ते तिथे छापलंय तो हक्क पार्लमेंटचा.

लोकांना या अक्षरांचं केवढं महत्त्व होतं, तेही सांगते. १८४९ मध्ये दोन शिलिंगांचं नवं नाणं निघालं आणि त्यावर ‘डी.जी.’ आणि ‘एफ.डी.’ दोन्ही नव्हते. देवाला विसरलेलं नाणं म्हणून इतका गहजब झाला, की लवकरच अक्षरांसकट नवा छाप काढावा लागला.

आता एक काम करा. गिनी उलटी करा. घोड्यावरचा संत जॉर्ज राक्षसाला मारतोय, त्याच्या खाली जमीन दाखवलीय. सालाच्या आकड्याच्या वर त्या जमिनीत बारीक ‘आय’ अक्षर दिसतंय का बघा. दिसलं, तर तुमची गिनी आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पडलेली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, फक्त १९१८ या एकाच साली तिथे अशा गिन्या पाडल्या. वजन आठ ग्रॅमला किंचित कमी भरेल, सोनं बावीस कॅरेट. चिंच लावून घासू नका आणि कृपा करून आटवू नका.

बाई, मी राज्यसेवेची तयारी करते. क्लासच्या नोट्समध्ये एकच ओळ आहे: ‘आठव्या हेन्रीने दुसऱ्या लग्नासाठी धर्म बदलला.’ एवढंच खरं का? — एक विद्यार्थिनी, कराड

बाळ, ती ओळ खोडून टाक. हेन्रीने धर्म बदलला नाही. धर्माचा धनी बदलला.

लग्नाचं कारण होतंच. राणी कॅथरीन ही त्याच्या थोरल्या भावाची, आर्थरची, विधवा. भावाच्या विधवेशी लग्न करायला पोप दुसऱ्या ज्यूलियसने खास परवानगी दिली होती. पुढे मुलगा जगला नाही, एक मुलगी मेरी तेवढी राहिली. हेन्रीला वारस हवा होता आणि अ‍ॅन बोलिन मनात भरली होती. मग तो म्हणू लागला, की ती परवानगीच मुळात चुकीची होती. एका पोपने दिलेली परवानगी चूक, असं दुसऱ्या पोपने म्हणायचं, हेच अवघड. त्यात १५२७ च्या मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजांनी रोम लुटलं, आणि पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात अडकून पडला. हा चार्ल्स कोण? कॅथरीनचा सख्खा भाचा. मावशीचं लग्न मोडून द्या, असं त्याच्या मुठीतल्या पोपला कसं सांगणार?

हेन्रीने वाट काढली ती कायद्याची. १५३३ साली ठरवलं, की इंग्लंडच्या खटल्याचं अपील रोमला जाणार नाही. आपल्याकडचा वाटणीचा दावा परमुलखातल्या कोर्टात चालतोय आणि शेवटचा निकाल तिथेच लागतोय, अशी कल्पना कर. तो दरवाजा त्याने बंद केला. सगळ्यांत मोठा बदल हाच आहे. लग्न हे निमित्त.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत पंडितराव होते. धर्माचं खातं त्यांच्याकडे, पण ते महाराजांचे प्रधान. त्यांच्या डोक्यावर बाहेरचा कुणी मालक नव्हता. इंग्लंडच्या आर्चबिशपच्या, म्हणजे तिथल्या मुख्य धर्माधिकाऱ्याच्या, डोक्यावर मात्र रोमचा मालक होता, आणि राजाला ते शतकानुशतकं सलत होतं. ११७० च्या डिसेंबरात दुसऱ्या हेन्रीच्या चार सरदारांनी आर्चबिशप थॉमस बेकेटला कँटरबरीच्या चर्चमध्येच तलवारीने मारलं. चारच वर्षांत त्या राजाला अनवाणी चालत बेकेटच्या थडग्यापाशी जावं लागलं, आणि तिथे मठवासीयांच्या हातून पाठीवर फटके घ्यावे लागले. पुढे साडेतीनशे वर्षं लोक त्या समाधीच्या यात्रेला जात राहिले. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने ती समाधीच फोडून टाकली. राजाला वाकवलेल्या माणसाची आठवण त्याला त्या जागी नको होती, असं मी समजते.

आणि जमिनी. १५३६ ते १५४० या चार वर्षांत सुमारे आठशे मठ बंद झाले. आपल्याकडच्या देवस्थान इनामांसारख्या त्यांच्या जमिनी होत्या. उत्तरेत लोक उठले, त्यांचा पुढारी रॉबर्ट आस्क याला १५३७ मध्ये यॉर्कला फाशी दिलं. जमिनी हळूहळू सरदारांनी, शहरातल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. एकदा सातबारा नावावर चढला, की तो कोण सोडणार? पुढे हेन्रीची तीच मुलगी मेरी, कट्टर कॅथलिक म्हणजे पोपला मानणारी, गादीवर आली, तिने पोपला परत आणलं, पण घेतलेल्या जमिनी तिलासुद्धा लोकांकडून परत घेता आल्या नाहीत. तुझ्या पेपरात हा मुद्दा लिही.

शेवटी एक तारीख ध्यानात ठेव, ३० जुलै १५४०. लंडनच्या स्मिथफील्ड मैदानात त्या दिवशी सहा जण मारले गेले. तिघे प्रोटेस्टंट, म्हणजे ल्यूथरच्या वाटेने जाणारे, त्यांना पाखंडी म्हणून जिवंत जाळलं. तिघे पोपला मानणारे, त्यांना राजद्रोही म्हणून फाशी. एकाच राजाने, एकाच दिवशी. धर्म बदलला म्हणणाऱ्यांनी या सहा जणांचं काय करायचं ते सांगावं.

आमचं कुटुंब चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पणजोबा मिशन हॉस्पिटलात कामाला होते. आमचं मूळ चर्च प्रेस्बिटेरियन. इंग्लंडच्या राजाच्या चर्चशी त्याचा काही संबंध? — एक वाचक, मिरज

दादा, मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस ज्या मिशनकडून आले, ते अमेरिकेतलं प्रेस्बिटेरियन मिशन. या पंथाची पाळंमुळं स्कॉटलंडमध्ये. त्यांचं म्हणणं असं, की मंडळीचा कारभार वडीलजनांनी मिळून बघायचा. वर बिशप नको. इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशप होते आणि ते राजा नेमत असे. म्हणून पहिला जेम्स १६०४ साली थेट म्हणाला होता, बिशप नाही तर राजाही नाही.

त्याच्या मुलाने, पहिल्या चार्ल्सने, १६३७ मध्ये स्कॉटलंडवर इंग्लंडच्या धर्तीची प्रार्थनापुस्तिका लादली. एडिनबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ती वाचायला घेताच दंगल उसळली. पुढल्या वर्षी हजारो स्कॉटिश लोकांनी, राजाचे हे बदल मानणार नाही, अशा करारावर सह्या केल्या. लढाई पेटली, चार्ल्सकडे पैसा नव्हता, आणि पैशासाठी त्याला अकरा वर्षं न बोलावलेली पार्लमेंट १६४० मध्ये बोलवावी लागली. तिथून १६४२ चं यादवी युद्ध फार लांब नव्हतं. म्हणजे तुमच्या पंथाच्या पूर्वजांनी एका प्रार्थनापुस्तिकेला नकार दिला आणि त्यातून राजाचं सिंहासन हललं. हा संबंध लहान नाही.

आपल्या छत्रपतींना गागाभट्टांनी अभिषेक केला. इंग्लंडच्या राजालाही अभिषेक होतो. मग अभिषिक्त राजाचं डोकं त्यांनी कसं उडवलं? पाप वाटलं नाही? — एक ज्येष्ठ वाचक, वाई

काका, वाटलं. फार लोकांना वाटलं. म्हणूनच पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवायचं काम सगळ्या पार्लमेंटने केलेलं नाही. १६४८ च्या डिसेंबरात सैन्याने आधी सभागृहाच्या दारात उभं राहून नको ते सभासद अडवले. सरदारांच्या सभागृहाने खटल्याला नकार दिला. उरलेल्यांनी न्यायसभा नेमली.

२० जानेवारी १६४९ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला सुरू झाला. आरोप वाचायला उभ्या राहिलेल्या वकिलाला थांबवायला चार्ल्सने आपल्या काठीने टोचलं, तेव्हा काठीची चांदीची मूठ निखळून खाली पडली. उचलून द्यायला कुणी पुढे आलं नाही. राजा स्वतः वाकला आणि त्याने ती उचलली. वर्गात मी हे सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. ज्याने कधी काही उचललं नाही, तो माणूस भरसभेत वाकला.

पण तोंडाने तो वाकला नाही. कोणत्या अधिकाराने माझा न्याय करता, हा एकच प्रश्न तो विचारत राहिला, आणि आरोपांना उत्तर द्यायचं त्याने नाकारलं. मृत्युदंडाच्या आज्ञेवर एकोणसाठ सह्या आहेत. ३० जानेवारीला कडाक्याची थंडी होती. त्याने दोन सदरे घातले, कारण थंडीने अंग कापलं तर लोक म्हणतील भ्यायला.

त्याचा प्रश्न मला खोटा वाटत नाही, आणि त्याचा कारभार मला मान्य नाही. दोन्ही एकत्र म्हणता येतं. आपण साताऱ्याची माणसं, गादीवरून राजा उतरवलेला पाहिलेल्या गावातली. १८३९ मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. उघड न्यायसभा नाही, स्वतःची बाजू मांडायची संधी नाही. त्यांच्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे राहून दाद मागत राहिले. कोणत्या अधिकाराने, हाच त्यांचाही सवाल. ज्या शहरात चार्ल्सला निदान उघड्यावर बोलू दिलं, त्या शहरात आमच्या महाराजांच्या वकिलाचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, तेव्हा हे मला अजून टोचतं.

अभिषेकाचं म्हणाल तर एक फरक. माझ्या वडिलांना शेतात सापडलेली एक शिवराई माझ्याकडे आहे. तांब्याची, काठ झिजलेले. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. कुणी दिलं, कुणाच्या कृपेने, याचा एक शब्द नाही. रायगडावर १६७४ साली अभिषेक झाला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. त्याच्या देशात राजाचं डोकं उडवून पंचवीस वर्षं झाली होती, आणि त्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर परत बसलेला होता.

आजही रोमन कॅथलिक माणूस तिथे राजा होऊ शकत नाही, हे खरं का? — एक वाचक, कोरेगाव

खरं आहे. कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सला १६८८ मध्ये देश सोडावा लागला. १७०१ च्या कायद्याने कॅथलिकांना गादी बंद झाली, कॅथलिकाशी लग्न करणाऱ्यालाही. लग्नाची अट २०१३ च्या कायद्याने काढली. राजा स्वतः कॅथलिक नसावा ही अट अजून आहे. ६ मे २०२३ ला तिसऱ्या चार्ल्सने प्रोटेस्टंट धर्म राखण्याची शपथ घेतली. नंतर त्याला तेलाचा अभिषेक झाला तो पडद्याआड, कॅमेऱ्याला न दाखवता.

त्याच्या नव्या नाण्यांवर ‘डी.जी.’ आहे, ‘एफ.डी.’ही आहे. सांगलीच्या ताईंच्या गिनीवरचं ‘इंड. इम्प.’ मात्र १९४९ पासूनच्या नाण्यांवर नाही.