आज कोणी मारलं का?

"मॅडम, रोज विचारलं तरी चूक, नाही विचारलं तरी चूक. मग आईने करायचं तरी काय?"

शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून कितीतरी जणी विचारतात. मूल शाळेतून तक्रार घेऊन आलं की लगेच शाळा गाठायची, की थांबायचं? किती लक्ष घालायचं? बालवाडीत किंवा पहिलीत मूल असलेल्या जवळजवळ प्रत्येक आईच्या मनात हे असतं. मी एका आईची हकीकत सांगते. तिने परवानगी दिली आहे. तिला आपण मीनल म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मीनल नाशिकची, माहेर निफाडकडचं. मुलगा पहिलीत, सेमी-इंग्रजीला. मुलगी त्याच आवारात ज्युनिअर केजीत. सप्टेंबर २०२४ मध्ये ती आली ती मुलाच्या पोटदुखीसाठी. सकाळी गणवेश अंगावर चढला की बेंबीभोवती दुखायला लागायचं. कधी उलटी व्हायची. बालरोगतज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या केल्या होत्या, काही निघालं नव्हतं. रविवारी पोट दुखत नसे, म्हणून घरात कुणीतरी "नाटकं करतो" असंही म्हणून झालं होतं. ते ऐकलं की मला वाईट वाटतं. मनात धास्ती असली की लहान मुलांचं पोट खरंच दुखतं. ती वेदना खोटी नसते.

मग मीनलने पर्समधून एक छोटी वही काढली. तारीखवार नोंदी होत्या.

"१२ जुलै – मागून ढकललं. १५ जुलै – खोडरबर घेतलं, परत दिलं नाही. १९ जुलै – 'तू बाळ आहेस' म्हणाला."

जवळपास प्रत्येक पानावर एकाच मुलाचं नाव. ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराची बातमी आली. तिथून पुढे नोंदी दाट झालेल्या, अक्षरही वेगळं, घाईचं. ते पान बघून मला तिच्या रात्री दिसल्या. त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कितीतरी आया अशाच जाग्या होत्या.

जूनपासून मीनल नऊ वेळा शाळेत जाऊन आली होती. बाईंना भेटली, मुख्याध्यापकांना भेटली, दोनदा मुलाचा बाक बदलून घेतला. एकदा गेटवर तिने त्या दुसऱ्या मुलालाच थांबवून सांगितलं, "माझ्या मुलाला पुन्हा हात लावायचा नाही, कळलं?" तोही सहा वर्षांचाच. तो भोकाड पसरून रडला. त्याच्या आईने वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, आणि रात्रीपर्यंत ग्रुप पेटला. त्यानंतर वर्गातल्या दोन वाढदिवसांना मीनलच्या मुलाला बोलावणं आलं नाही.

"मी त्याच्यासाठी एवढं करते," ती म्हणाली, "आणि तो आणखीच एकटा पडतोय."

मी वही पुन्हा चाळली. "मीनल, घरी आल्यावर तुम्ही त्याला पहिलं वाक्य काय बोलता?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. "आज कोणी मारलं का?"

पुढच्या वेळी मी दोन्ही मुलांना घेऊन यायला सांगितलं. माझ्या खोलीत एका कोपऱ्यात सतरंजी आहे, तिथे भातुकली, बाहुल्या, पाटी-खडू असतं. मी म्हटलं, "शाळा-शाळा खेळा." मीनल माझ्या शेजारी बसली. मुलगा बाई झाला. मुलगी साडेचार वर्षांची, ती विद्यार्थी होईल असं मला वाटलं होतं. ती झाली आई. दोन खुर्च्यांचं गेट केलं, माझी ओढणी खांद्यावर घेतली आणि गेटबाहेर उभी राहिली. अस्वलाचं बाहुलं बाहेर आलं तसं तिने त्याला दोन्ही दंडांना धरलं, स्वतः उकिडवी बसली आणि सुरू झाली: "कोणी मारलं? सांग. घाबरू नको. कोणी? नाव सांग. आडनाव सांग."

अस्वल काही बोललं नाही. तिने त्याला हलवलं. "सांग ना, मग आपण बाईंकडे जाऊ."

मीनलने तोंडावर हात ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. अशा वेळी आईकडे बघू नये, तिला तिचं ते बघू द्यावं.

थोड्या वेळाने तिनेच हळू आवाजात सांगितलं, की गेल्या महिन्यापासून धाकटीही तक्रारी आणायला लागली आहे. आधी ती वाळूत काय केलं, कोणाच्या डब्यात लाडू होता, असलं काहीबाही सांगत घरी यायची. आता येते आणि म्हणते, "मला पण मारलं." कोणी, विचारलं तर रोज वेगळं नाव. एकदा तर तिने त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलीचं नाव घेतलं होतं.

धाकटी खोटारडी नाही. तिने घरात काय पाहिलं? वाळूची गोष्ट सांगितली की आई भाजी चिरता चिरता "हं, हं" करते. मारल्याची गोष्ट सांगितली की आई हातातलं काम टाकते, शेजारी बसते, डोळ्यांत बघते, वहीत लिहूनही घेते. चार-पाच वर्षांच्या मुलाला आईचं पूर्ण लक्ष याहून मोठं काही नसतं. ज्या गोष्टीला लक्ष मिळतं, ती गोष्ट मूल घेऊन येतं. शिवाय या वयाच्या मुलांना दिवसभरातलं सगळं आठवून क्रमाने सांगता येत नाही. "कोणी मारलं का?" असं विचारलं की ती तेवढंच शोधतात. सापडलं नाही तर धक्का लागलेला मारल्यात जमा होतो. वहीतली प्रत्येक ओळ म्हणजे त्या एकाच प्रश्नाचं उत्तर होतं.

मीनलच्या परवानगीने मी वर्गाच्या बाईंशी फोनवर बोलले. चाळीसच्या वर मुलांचा वर्ग, तरी बाईंना हा मुलगा नीट माहीत होता. तो डिसेंबरातला, म्हणजे वर्गातला सर्वांत लहान. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असली की आपल्याकडे पहिलीत प्रवेश मिळतो, म्हणजे जूनमध्ये तो जेमतेम साडेपाच वर्षांचा होता. त्याच्या बाकावरचा मुलगा जवळजवळ वर्षाने मोठा. या वयात तेवढ्या अंतराने उंची, हाताची पकड, रांगेतला जोर, सगळं बदलतं. धक्के लागत होते हे खरंच होतं. पण बाईंनी आणखी एक सांगितलं, ते मला विसरता येत नाही. मधल्या सुट्टीत इतर मुलं मैदानावर पळायची, तेव्हा हा डबा हातात घेऊन गेटच्या जाळीपाशी उभा राहायचा.

"आई येते ना बघायला," बाई म्हणाल्या. "कधी येते, कधी नाही. तो रोज थांबतो."

खेळायची वीस मिनिटं तो जाळीपाशी घालवत होता. मग मित्र कसा होणार?

हे मी मीनलला सांगितलं तेव्हा ती खूप रडली. मग तिने तिच्या शाळेची गोष्ट सांगितली. तिसरीत असताना पैसे भरायचे राहिले म्हणून तिला दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं होतं. घरी तिने सांगितलंच नाही. आई दिवसभर दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला, दिवेलागणीला परत यायची, पाय धुवून चुलीपुढे बसायची. "तिला काय सांगणार? तिने कधी विचारलंच नाही, आज शाळेत काय झालं." तेव्हाच मीनलने ठरवलं होतं, की माझ्या मुलांना असं एकटं उभं राहावं लागणार नाही.

म्हणून मी अशा आयांना "तुम्ही जास्त करता" असं कधीच म्हणत नाही. मीनलचा नवरा म्हणत होता, सासूबाई म्हणत होत्या, आणि प्रत्येक वेळी ती वही आणखी घट्ट धरत होती. तिचं लक्ष घालणं योग्यच होतं. ते कुठे घालायचं, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं.

पहिला बदल गेटवरचा. गेटवर एकही प्रश्न नाही. पाण्याची बाटली, दप्तर आपल्या हातात घ्यायचं, "बरं वाटलं तुला बघून" म्हणायचं आणि घरी. खाणं झालं की आधी आईने स्वतःचा दिवस सांगायचा, अगदी बारीकसारीक: गॅस सिलिंडर आला, पावसात छत्री उलटली. मुलं हळूहळू त्यात आपलं घालतात. विचारायचंच असेल तर नेमकं आणि साधं विचारावं: आज डब्यातलं कोणाला दिलंस? फळ्यावर काय होतं? बाई कशाला हसल्या? मीनलचा अनुभव असा, की मुलगा दुपारी काही सांगायचा नाही आणि रात्री दिवा मालवल्यावर अंधारात सगळं सांगायचा. बऱ्याच मुलांचं असंच असतं, त्यामुळे झोपायच्या वेळी हातात मोबाइल नको.

दुसरा बदल तक्रार आल्यावरचा. पूर्ण ऐकायचं. "दुखलं असेल तुला" म्हणायचं. मग लगेच चप्पल पायात घालायची नाही, विचारायचं: "मग तू काय केलंस?" आणि "उद्या काय करूया?" आम्ही खोलीत सराव केला. मी त्याची पेन्सिल घ्यायची, त्याने म्हणायचं, "माझी आहे, दे." पहिल्यांदा आवाज ओठांबाहेर येईना. पाचव्या-सहाव्या वेळी त्याने माझ्या हातातून पेन्सिल ओढूनच घेतली. मग ओढायची नाही, मोठ्याने सांगायचं, नाही दिली तर बाईंकडे जायचं, हे शिकवलं. चुगली करणं आणि मदत मागणं यातला फरक मुलांना सांगावा लागतो, आपोआप कळत नाही.

मधल्या सुट्टीत गेटवर जायचं मीनलने थांबवलं. पण गुपचूप नाही, मुलाला आदल्या रात्री सांगून: "उद्या मी मधल्या सुट्टीत येणार नाही, सुटल्यावर येईन." पहिले तीन दिवस तिला घरात बसवेना. बाईंशी दर शुक्रवारी पाच मिनिटांचा फोन ठरला. त्यात तक्रार नाही, एकच चौकशी: तो आठवड्यात कोणाबरोबर खेळला? बाईंनीही मग मुद्दाम लक्ष ठेवायला सुरुवात केली. गृहपाठाचं एका वाक्यात सांगते: मीनल रात्री अकराला ग्रुपवर वह्यांचे फोटो मागत बसायची, तेही बंद केलं. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंच म्हटलेलं आहे.

इथे काही जणी विचारतील, मीनलनेही विचारलं: "आणि खरंच काही झालं असेल तर? बदलापूरसारखं?"

याचं उत्तर मी अगदी स्पष्ट देते. कोणी मुलाच्या खाजगी अवयवांना हात लावला, लावायला लावला, "घरी सांगू नको" असं बजावलं, अंगावर वळ किंवा जखम दिसली, शिक्षकांनी मारलं किंवा अपमान केला, किंवा मूल एका विशिष्ट व्यक्तीच्या नावाने थरथरायला लागलं, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी जायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेने "आम्ही बघतो" म्हटलं म्हणून गप्प बसायचं नाही. मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि अशा वेळी मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही. एकदा शांतपणे ऐकायचं, त्याचेच शब्द लिहून ठेवायचे, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं.

आणि रोजची उलटतपासणी बंद करायची ती यासाठीही. चाळीस खोडरबरांच्या तक्रारींत एखादी खरी भयंकर गोष्ट आली तर ती त्या ढिगात बुडते. जे मूल मनमोकळं काहीबाही सांगत असतं, त्याचं एके दिवशी अचानक गप्प होणं आईला लगेच जाणवतं. शरीराच्या सुरक्षिततेबद्दल मात्र दोन्ही मुलांशी बोलायला मी सांगितलं. महिन्यातून एकदा, अंघोळीच्या वेळी, घाबरवल्याशिवाय.

पोटदुखी लगेच गेली नाही. ऑक्टोबरमध्ये आठवड्यातून एक-दोनदा राहिली. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पुन्हा चार दिवस सलग दुखलं आणि मीनल घाबरून मला फोन करत राहिली. मोठ्या सुट्टीनंतर हे होतंच. त्या चार दिवसांत तिने त्याला शाळेत पाठवलं, पोटावर कोमट पाण्याची पिशवी ठेवून, पण पाठवलं. घरी ठेवलं असतं तर पाचवा दिवस आणखी अवघड गेला असता. त्या आठवड्यात मुलाचे बाबा त्याला सोडायला गेले. ते पहिल्यांदाच वर्गापर्यंत गेले होते आणि त्यांनी बाईंना आपलं नाव सांगितलं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्री मुलगा अंधारात म्हणाला, "आज त्याने माझं शार्पनर घेतलं." मीनल म्हणाली, तिच्या पोटात गोळा आला, तरी ती म्हणाली, "मग?" "मी म्हटलं, माझंय. मग त्याने दिलं. मग आम्ही दोघांनी त्याची पेन्सिल एवढुशी होईपर्यंत तासली." आणि तो झोपला. त्या नोंदीसाठी तिने वही उघडलीच नाही. मला सांगायला मात्र धावत आली.

शेवटच्या भेटीत तिने फोन माझ्यासमोर धरला. त्याच मुलाच्या आईचा निरोप होता, थोडा अवघडलेला: 'रविवारी मुलांना गोदापार्कला नेतोय. तुम्ही येताय का?' येऊन दोन दिवस झाले होते, मीनलने उत्तर दिलं नव्हतं.

"काय लिहू?" तिने विचारलं.

मी काही बोलायच्या आत तिनेच फोन पर्समध्ये टाकला. "नको, थांबा. घरी जाऊन आधी त्याला विचारते, त्याला जायचंय का. मग कळवते."