थर्मल कॅमेरा बिघडलेला नाही, आधी आकाश चौकटीबाहेर काढा

तुमची अडचण मला समजली ती अशी: दहा मीटरची बोट, १२ व्होल्टचं वायरिंग, आणि केबिनच्या टपाच्या पुढे आलेल्या पट्टीला खालून उलटा लटकवलेला, जॉयस्टिकवर फिरणारा ३२० × २४० ठिपक्यांचा सेकंडहँड थर्मल कॅमेरा. तक्रारी चार. दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज होऊन चित्र थबकतं, जॉयस्टिक उलटी चालते, संध्याकाळी पडद्यावर सगळं राखाडी होतं आणि इंजिन सुरू केलं की कॅमेरा रीस्टार्ट होतो. शिवाय खाऱ्या पाण्यापासून वाचवायला तो केबिनमध्ये काचेमागे लावता येईल का, असंही विचारलंय.

शेवटचं आधी सांगतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. नाही लावता येणार. हा कॅमेरा साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या उष्णलहरी पाहतो आणि साधी काच त्या अडवते. काचेमागे लावलात तर पडद्यावर काचेचंच तापमान दिसेल, वर तुमच्या स्वतःच्या चेहऱ्याची अस्पष्ट सावली. कॅमेऱ्याच्या तोंडावरचा गडद चकचकीत तुकडा काच नसतोच, तो जर्मेनियमचा असतो. पारदर्शक प्लास्टिकचं कव्हरही चालत नाही. तेव्हा कॅमेरा बाहेरच राहणार आणि मीठ खाणार.

‘टक्’ आवाजाचं टेन्शन घेऊ नका. सेन्सरवरचे हजारो ठिपके तापमानासोबत थोडे थोडे भरकटत असतात. म्हणून कॅमेरा मधूनमधून आतली छोटी झडप सेन्सरसमोर आणतो आणि त्या एकसारख्या तापमानाच्या पृष्ठभागावर सगळे ठिपके जुळवून घेतो. तेवढा वेळ चित्र थांबतं. चालू केल्यावर पहिली काही मिनिटं हे जास्त वेळा होतं, आतला भाग स्थिरावला की कमी. उलट हा आवाज कधीच आला नाही आणि चित्रावर उभ्या रेघा, डाग साचत गेले, तर काळजी करा.

उलट्या जॉयस्टिकचं मूळ तुमच्याच एका वाक्यात आहे. “चित्र डोक्यावर उभं होतं म्हणून मॉनिटरमधून फिरवून घेतलं,” असं लिहिलंय तुम्ही. तिथेच गडबड झाली. कॅमेऱ्याला अजून वाटतंय की तो टपावर सरळ बसलाय. मॉनिटरने चित्र सुलटं केलं, पण मोटरीला ते कोण सांगणार? म्हणून डावीकडे लोटलं की दृश्य उजवीकडे पळतं, वर लोटलं की खाली जातं. मॉनिटरची सेटिंग आधी होती तशी करा. मग कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेनूत इन्स्टॉलेशनखाली ‘गोळा खाली’ अशा अर्थाचा पर्याय असेल तो निवडा. चित्र आणि दिशा दोन्ही एकदम सुधारतील. त्याआधी एक पाहून घ्या की तुमचं मॉडेल उलटं लटकवायला चालतं. काहींमध्ये पाणी निचरायची सोय एकाच बाजूने असते.

रीस्टार्टचं कारण बहुतेक वायर. कॅमेरा चालू असताना २५ वॅट खातो आणि तोंडावरचा हीटर लागला की ५०, असं धरा. म्हणजे १२ व्होल्टला चार अँपियरच्या आसपास. पॅनेलपासून कॅमेऱ्यापर्यंत दहा मीटर म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल तर तिच्यातच जवळपास एक व्होल्ट गळतो. त्यात स्टार्टर फिरताना बॅटरी खाली बसते, आणि कॅमेऱ्याला मिळणारा दाब त्याच्या किमान मर्यादेखाली जातो. अडीच चौरसची, कथिलाचा मुलामा असलेली मरीन वायर टाका, कॅमेऱ्याला वेगळा फ्यूज द्या आणि शक्य असेल तर स्टार्टरच्या नव्हे, दुसऱ्या बॅटरीवरून घ्या. वायर कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी कनेक्टरमध्ये न जाता झोळाच्या तळाशी टपकेल. मी पहिल्यांदा बसवला तेव्हा हा झोळ ठेवला नव्हता. वरून सिलिकॉन एवढं थापलं होतं की मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. दीड महिन्याने व्हिडिओत बर्फासारखे ठिपके पडायला लागले. कनेक्टर उघडला तर आतली पिन हिरवी पडलेली. सिलिकॉनने बाहेरचं पाणी अडवलं नव्हतं, आत शिरलेलं मात्र डांबून ठेवलं होतं.

पडद्यावर आडवे पट्टे हळूहळू वर सरकताना दिसले तर तो अर्थिंगचा घोळ, व्हिडिओ केबलची जाळी दोन टोकांना दोन वेगळ्या ठिकाणी निगेटिव्हला लागलेली असते. कॅमेरा आणि मॉनिटर दोघांचं निगेटिव्ह एकाच पट्टीवर आणा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

जागेबद्दल. व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनापासून आणि होकायंत्रापासून किमान एक मीटर, आणि रडारच्या झोतापासून दोन मीटरपेक्षा दूर ठेवा. रडारचा झोत सपाट नसतो, तो वर-खाली साधारण वीस-वीस अंश पसरतो असं धरून जागा ठरवा. कॅमेऱ्याच्या नजरेत तुमचा स्वतःचा तापलेला एक्झॉस्ट किंवा उन्हाने भाजलेलं रेलिंग येऊ देऊ नका. आणि नाळेपुढचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापलीकडचं, किती पाणी झाकलं जातंय ते मोजा. कॅमेरा पाण्यापासून साडेतीन मीटरवर, नाळ सात मीटर पुढे आणि दीड मीटर उंच असेल तर नाळेच्या टोकापुढचं सुमारे पाच मीटर पाणी तुम्हाला कधीच दिसणार नाही. धक्क्याला लागताना हे लक्षात ठेवा.

जॉयस्टिकचं युनिट नेटवर्कवर असेल तर एक अनुभव. माझ्याकडे जॉयस्टिक तीनदा चालायची, चौथ्यांदा मेलेली. केबल बदलली, स्विच बदलला, दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी कळलं की चार्टप्लॉटर (सागरी नकाशा दाखवणारा पडदा) आणि एक जुना राउटर दोघेही नेटवर्कवरच्या उपकरणांना आयपी पत्ते वाटत होते. बोट चालू करताना जो आधी जागा होईल त्याचं राज्य. राउटरमधलं पत्तेवाटप बंद केलं, कॅमेऱ्याला कायमचा पत्ता दिला, त्यानंतर तक्रार नाही.

आता मध्यरेषा जुळवणं. हे काम लोक टाळतात आणि मग रडारवरच्या टार्गेटकडे कॅमेरा वळवला की बाजूचं रिकामं पाणी दिसतं. शांत पाण्यात, बोट सरळ रेषेत चालवत, नाळेच्या अगदी समोर एखादी लांबची ठळक गोष्ट घ्या, एखादं टोक किंवा मनोरा, किमान एक किलोमीटरवर. कॅमेरा त्यावर आणा आणि तीच त्याची शून्य दिशा म्हणून सेव्ह करा. जवळची वस्तू का नको? कॅमेरा मध्यरेषेपासून एक मीटर बाजूला असेल तर पन्नास मीटरवरच्या बोयावर जुळवताना एक अंशाहून जास्त चूक आत शिरते, किलोमीटरवर ती नगण्य असते. आणि दोन अंशांची चूक राहिली तर एक किलोमीटरवर पस्तीस मीटर बाजूला बघत बसाल. रडार किंवा एआयएसवरून (इतर जहाजांची जागा रेडिओवरून कळवणारी यंत्रणा) कॅमेरा आपोआप वळवायचा असेल तर नाळेची दिशा मोजणारा खरा हेडिंग सेन्सर हवाच. जीपीएस सांगतो बोट कुठे सरकतेय, नाळ कुठे आहे ते नाही. प्रवाहात हळू चालताना या दोहोंत मोठा फरक पडतो.

आता राखाडी चित्राकडे. यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली निसर्गाची: कॅमेऱ्याला प्रकाश नाही, तापमानातला फरक दिसतो. सकाळी ऊन वर येताना आणि सूर्यास्ताच्या आगेमागे वस्तू आणि पाणी यांचं तापमान काही वेळ सारखंच होतं. तेव्हा दगड, खांब, बोया सगळे पाण्यात विरघळतात. दोन-तीन तासांनी पुन्हा बघा, तोच खांब पांढरा उठून दिसेल. पाऊस पडून सगळं ओलं झालं की हाच प्रकार. विरळ धुक्यात कॅमेरा डोळ्यापेक्षा पुढचं बघतो, पण दाट धुक्यात फार अपेक्षा ठेवू नका, कारण तिथले थेंब याच्या लहरींएवढेच किंवा त्याहून मोठे असतात आणि त्या विखरून टाकतात.

दुसरी गोष्ट तुमच्या हातातली. तुम्ही पाठवलेल्या चित्रात अर्ध्याहून जास्त भाग आकाश आहे. निरभ्र आकाश कॅमेऱ्याला भयंकर थंड दिसतं, पाणी गोठण्याच्या कितीतरी खाली. कॅमेऱ्याकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा मोजक्या. चौकटीतल्या सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम गोष्टीत तो त्या आपोआप वाटून टाकतो. आकाशाने थंडीकडच्या छटा खाल्ल्या की पाण्यावरच्या अर्ध्या-एक अंशाच्या फरकाला काही उरतच नाही. जॉयस्टिक हळूच खाली दाबा, क्षितिज चौकटीच्या वरच्या कडेपासून पाचव्या हिश्श्यावर आणा आणि पाच सेकंद थांबा. एवढा वेळ जे सपाट होतं त्यात लाटांचे पट्टे उमटतील, मागच्या बोटीने कापलेलं पाणी वेगळं दिसेल. माझ्या बोटीवर नवीन माणूस आला की मी त्याला आधी हेच करून दाखवतो. मेनूतली बाकीची अर्धी बटणं त्यानंतर लागतही नाहीत.

रंगांच्या बाबतीत माझं मत एकतर्फी आहे. इंद्रधनुषी रंग दाखवायला छान, रात्री चालवायला निरुपयोगी. गरम पांढरं किंवा गरम काळं, दोनच. माणूस शोधताना मी ‘गरम पांढरं’ वापरतो. लांबचा प्रवास असेल तर ‘गरम काळं’, त्यात कडा नीट कळतात असं मला वाटतं. पडद्याचा उजेड मात्र इतका कमी करा की मान वर केल्यावर डोळ्याला तारे दिसले पाहिजेत.

किती लांबचं दिसेल, हा तुम्ही न विचारलेला पण खरा प्रश्न. माहितीपत्रकात माणूस साडेचारशे मीटरवर दिसतो असं काहीतरी असेल. ते खोटं नसतं, फक्त तो माणूस उभा आणि अख्खा असतो. आपला माणूस पाण्यात पडला की वर राहतं फक्त डोकं. हिशोब करू. ३२० ठिपके २४ अंशांत पसरले, म्हणजे शंभर मीटरवर एक ठिपका तेरा सेंटिमीटरचा, दोनशेवर सव्वीसचा. डोकं वीस-पंचवीस सेंटिमीटर. दोनशे मीटरवर ते धड एक ठिपकाही भरत नाही, शंभरवर जेमतेम दोन. बारा नॉट वेगाने हे शंभर मीटर तुम्ही सोळा सेकंदांत पार करता. त्यात भिजलेले केस पाण्याइतकेच थंड, आणि पाणी मुळात उबदार असेल तर फरक आणखी कमी. डिजिटल झूमने ठिपके मोठे होतात, वाढत नाहीत. तेव्हा शोध घ्यायचा तर वेग कमी करा, झूम बंद ठेवा आणि कॅमेरा भरभर न फिरवता एका जागी थांबत थांबत पुढे न्या. मोटर फिरत असताना चित्र पुसट होतं, त्यात दोन ठिपके कोण बघणार?

आणखी एक मोठी उणीव माहीत असू द्या. दुसऱ्या बोटीचा लाल-हिरवा दिवा या कॅमेऱ्याला दिसत नाही. बोट दिसेल, इंजिनाचा गरम ठिपका दिसेल, पण ती येतेय की चाललीय हे रंगावरून कळणार नाही, अंतर तर नाहीच. पाण्याशी समतल तरंगणारी ओली जाळी आणि दोऱ्याही बहुधा निसटतात. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळे, कान आणि हाताशी असलेली सगळी साधनं वापरून पहारा ठेवा म्हणतो. कॅमेरा त्या साधनांत येतो, डोळ्यांच्या जागी येत नाही. माझ्याकडे पडदा बघणारा आणि बाहेर बघणारा ही दोन वेगळी माणसं असतात. एकटा असलो की पडद्यावर नुसता ओझरता कटाक्ष.

देखभाल थोडकीच. आलात की गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, प्रेशर पंप नको. वाळलेलं मीठ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका, जर्मेनियमवरच्या लेपाला ओरखडे पडतात. आधी भिजवा, मग मऊ ओल्या कापडाने. मिठाचा पातळ थर चित्र इतकं हळूहळू मंद करतो की लोक सेन्सर म्हातारा झाला म्हणतात. बोट बांधली की कॅमेरा ‘पार्क’ करा, म्हणजे तोंड आत वळतं आणि दिवसभर सूर्याकडे टक लावून बसत नाही.

हे सगळं झालं की एका शांत रात्री, सोबत कुणीतरी असताना, पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये कोमट पाणी भरा, अंगाला लावून फार गरम वाटणार नाही इतपत. वर थोडी हवा राहू द्या म्हणजे तो तरंगेल, दोरीने छोट्या नांगराला बांधा, पाण्यात सोडा आणि जीपीएसवर जागा मार्क करा. मग पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे मीटरवरून त्याच्याकडे बघा, एकदा आकाश चौकटीत ठेवून, एकदा बाहेर काढून. कुठल्या अंतरावर तो हरवला तो आकडा कागदावर लिहून चाकाजवळ चिकटवा, आणि मलाही कळवा. माझा नव्वद मीटर होता.