घर तारण ठेवून नाट्यसंस्था जगवायची का?

प्रश्न (थोडक्यात): आमची नऊ जणांची नाट्यसंस्था चौदा वर्षांची आहे. कोरोनाच्या महामारीमुळे मार्च २०२० पासून एकही प्रयोग झालेला नाही. तालमीची जागा आणि नेपथ्याचं गोडाऊन यांचं भाडं मात्र चालूच आहे. भागीदार म्हणतो, तुझ्या घरावर कर्ज काढू, मे-जून २०२१ पर्यंत नाट्यगृहं उघडतीलच. माझं वय ५२. कर्ज काढावं का?

उत्तर: काढू नका.

तुमच्या हिशेबात सगळ्यात कच्चा आकडा आहे तो तारखेचा. न्यूयॉर्कमधली ब्रॉडवेची नाट्यगृहं १२ मार्च २०२० ला बंद झाली, ती १२ एप्रिलपर्यंत म्हणून. मग ७ जून झालं, ६ सप्टेंबर झालं, ३ जानेवारी झालं आणि मग ३० मे २०२१ म्हणाले. एवढे मुरलेले निर्माते, तरी तारीख चार वेळा सरकली. कर्जाचा हप्ता असा सरकत नाही.

आता शिल्लक. खात्यात पाच महिन्यांचा खर्च भागेल इतके पैसे आहेत, असं तुम्ही लिहिता. पण पुढे एका ओळीत हेही आहे की रद्द झालेल्या प्रयोगांच्या तिकिटांचे पैसे अजून परत केलेले नाहीत आणि ती रक्कम दोन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. म्हणजे हातात तीनच महिने. प्रेक्षकांचे पैसे आजच वेगळ्या खात्यात टाका आणि एकेकाला विचारा: परत हवेत, पुढच्या प्रयोगाला वळते करायचे, की संस्थेला द्यायचे? काही जण सोडून देतील. त्यांनी तसं कळवल्यावरच ते तुमचे.

खर्चातला निम्मा भाग भाडं खातं. मालक ‘नंतर द्या’ म्हणाला म्हणून सुटल्यासारखं वाटून घेऊ नका, तेही कर्जच. भाडं कमी करून मागा आणि लेखी घ्या. ऐकत नसेल तर तालमीची खोली सोडा. गोडाऊनची यादी मी दोनदा वाचली: तीन नाटकांचे फ्लॅट (नेपथ्यात भिंती म्हणून उभ्या करायच्या चौकटी), दोन जिने, एक झोपाळा. प्लायचे फ्लॅट दमट जागेत वर्षभर उभे राहिले की वाकतात, आणि वाकलेल्या फ्लॅटचं दार प्रयोगात नेमकं अडकतं. मापं, आराखडे, फोटो जपून ठेवा आणि फ्लॅट मोडा. दिवे, डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं यंत्र), स्पीकर आणि डांबराच्या गोळ्या घातलेला कपडेपट एवढं ठेवायला एक खोली पुरते.

हा सगळा आटापिटा कशासाठी, तर पैसा खरा लागणार आहे तो नाट्यगृहं उघडतील त्या महिन्यात. चार आठवड्यांची तालीम, जाहिरात, नाट्यगृहाची अनामत, कलाकारांची पहिली नाइट (एका प्रयोगाचं मानधन) हे सगळं तिकिटाचा पैसा येण्याआधी द्यावं लागतं. कर्ज रिकाम्या खोलीच्या भाड्यात संपलं तर त्या दिवशी काय करणार? शिवाय तुमचं सभागृह २०० खुर्च्यांचं आणि ११० तिकिटं गेली की त्या रात्रीचा खर्च निघतो, हे तुम्हीच लिहिलंय. एकाआड एक खुर्ची रिकामी ठेवायची अट आली तर उरतात १००. ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लावूनही दहा तिकिटांचा तोटा आणि वर घराचा हप्ता! दोन-तीन पात्रांचं, एकाच नेपथ्यात होणारं नाटक आधी काढा. त्याचा खर्च ७०-७५ तिकिटांत बसला तरच प्रयोग लावा.

विम्यावर आशा असेल तर पॉलिसीतलं संसर्गजन्य आजाराचं कलम आधी वाचा. धंदा थांबल्याची भरपाई बहुतेक पॉलिसींत इमारतीचं किंवा मालाचं नुकसान झालं तरच मिळते, नुसतं कुलूप लागून भागत नाही. ऑनलाइन प्रयोग हौसेनं करा, लेखकाची परवानगी घेऊन, पण उत्पन्नाच्या रकान्यात शून्य धरा.

तुम्ही पदरचं काहीच घालू नका असं मी म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही, हे पत्रावरून दिसतंय. तेव्हा निवृत्तीच्या ठेवीतला फार तर दहावा भाग द्या, तोही गेला असं समजून, आणि तो उघडण्याच्या खर्चासाठीच बाजूला ठेवा. नाइटवर काम करणाऱ्यांना स्पष्ट सांगा की मिळेल ते काम धरा, बोलावू तेव्हा या.

आणि नोंदणीचे कागद काढून बघा. साधी भागीदारी असेल तर संस्थेच्या नावावर काढलेल्या कर्जाची वसुलीही तुमच्या घरापर्यंत येऊ शकते. भागीदाराचंही घर आहे, असं तुम्ही लिहिलंय. ते तारण ठेवायचा विषय मात्र पत्रात कुठे दिसला नाही.